इलेक्ट्रिक गाडी आणि हाय व्होल्टेज: अपघात, धूर, पूर आणि शॉक यांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गाडी घेताना रेंज किती, चार्जिंगला वेळ किती, सबसिडी मिळते का, हे सगळं विचारून होतं. ठोकली तर काय, पाण्यात गेली तर काय, हे प्रश्न गाडी घरी आल्यावर सुचतात. गॅरेजवाले, टोइंगवाले, सोसायटीचे सेक्रेटरी आणि साधे गाडीमालक आमच्या प्रशिक्षणात जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बहुतेकांना भीती शॉकची असते आणि धुराची कुणालाच नसते. खरं तर ते उलट असायला हवं.

हाय व्होल्टेज म्हणजे नेमकं किती?

वाहनांच्या नियमांप्रमाणे डीसी (बॅटरीची, एकाच दिशेने वाहणारी वीज) ६० व्होल्टच्या वर किंवा एसी (घरातली, दिशा बदलत राहणारी वीज) ३० व्होल्टच्या वर गेलं की ते हाय व्होल्टेज. आपल्याकडच्या बऱ्याचशा इलेक्ट्रिक कारचा बॅटरी पॅक ३०० ते ४०० व्होल्टच्या घरात असतो. ह्युंदाई आयोनिक ५ किंवा किआ ईव्ही ६ सारख्या गाड्या ८०० व्होल्टच्या वर्गात मोडतात. ई-बसचा पॅकही कारपेक्षा चढाच असतो.

"घरात २३० व्होल्ट असतातच की," असं वायरमन मंडळी म्हणतात. पण घरातला एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे तुटलेल्या जोडणीतली ठिणगी विझायला त्याला संधी मिळते. डीसीला ती संधी नाही. एकदा आर्क, म्हणजे हवेतून वाहणारी सलग ठिणगी, पेटला की तो ओढला जातो, तांबं वितळवतो, डोळे आणि चेहरा भाजतो. घरच्या वायरिंगचा अनुभव इथे कामाला येत नाही, उलट फाजील धीर देतो.

माझी तर स्कूटर आहे. मला हे लागू होतं का?

शॉकच्या बाबतीत कमी. बहुतेक स्कूटर ४८ ते ७२ व्होल्टच्या असतात. मात्र ७२ व्होल्टचा पॅक फुल चार्ज झाला की ८० च्या वर जातो, हे लक्षात असू द्या. आगीच्या बाबतीत पूर्ण लागू. शिवाय कार बाहेर उभी असते आणि स्कूटरची बॅटरी आपण उचलून घरात आणतो. त्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

ठोकलेल्या इलेक्ट्रिक गाडीला हात लावला तर शॉक बसतो का?

जवळजवळ कधीच नाही. या एका गैरसमजापायी आत अडकलेल्या माणसाला मदत मिळायला उशीर होता कामा नये.

कारण समजून घ्या. साध्या गाडीत १२ व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर बॉडीला जोडलेली असते. हाय व्होल्टेजचं तसं नाही. त्याचं पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही बॉडीपासून पूर्ण वेगळं ठेवलेलं असतं, आणि ते वेगळं आहे की नाही हे गाडी स्वतः तपासत राहते. त्यात गळती दिसली की डॅशबोर्डवर इशारा येतो. जोरात धडक बसून एअरबॅग उघडल्या की पॅकमधले काँटॅक्टर (वीज जोडणारे-तोडणारे आपोआप चालणारे स्विच) सुटतात आणि पॅकच्या बाहेरच्या केबलमधला प्रवाह तुटतो.

दोन गोष्टी मात्र शिल्लक राहतात. पॅकच्या आत व्होल्टेज कायम असतं, ते कुठल्याही स्विचने जात नाही. आणि काँटॅक्टर सुटले तरी इन्व्हर्टरच्या, म्हणजे मोटरला वीज पुरवणाऱ्या भागाच्या, कपॅसिटरमधला विजेचा साठा उतरायला थोडा वेळ लागतो. म्हणून दार उघडा, माणूस बाहेर काढा, पण फाटलेल्या पत्र्यातून डोकावणाऱ्या केशरी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या, वायरीला किंवा फुटलेल्या पॅकला हात लावू नका.

रस्त्यात असा अपघात दिसला. सुरुवात कुठून करायची?

११२ ला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात "गाडी इलेक्ट्रिक आहे" हे सांगा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ही चालतो. हे एक वाक्य सांगितलं तर अग्निशमन दल त्या तयारीने निघतं.

मग गाडीच्या पुढे किंवा मागे उभे राहू नका, बाजूने जा. इंजिनाचा आवाज नाही म्हणजे गाडी बंद आहे असं नाही. डॅशबोर्डवर 'रेडी'चा दिवा किंवा हिरव्या गाडीचं चिन्ह दिसत असेल, तर ॲक्सिलरेटरवर चुकून पाय पडला तरी गाडी सुटेल. गिअर 'पी'वर, हँडब्रेक, पॉवर बटण बंद, या क्रमाने करा. चावी खिशात ठेवून जवळ उभे राहू नका, बिनचावीच्या गाड्या चावी जवळ असली की पुन्हा जाग्या होतात. चावी कुणाकडे तरी देऊन त्याला लांब पाठवा. चाकाला दगड लावा.

तोवर एकाने गाडीच्या तळाकडे नजर ठेवायची. धूर, फस्स आवाज, वास, ठिणग्या यांपैकी काहीही दिसलं की वेळ कमी आहे असं समजा आणि जखमींना हलवण्याचा निर्णय लगेच घ्या. यातलं काहीच नसेल, तर मानेला-पाठीला मार लागलेल्या माणसाला उगाच ओढाताण करून बाहेर काढू नका. ॲम्ब्युलन्स येऊ द्या, त्यासाठी १०८ आहेच.

एक अपवाद आहे, आणि त्याचा गाडीच्या बॅटरीशी संबंध नाही. गाडी विजेच्या खांबावर आदळून वरची तार गाडीवर पडली असेल, तर गाडी पेट्रोलची असो की इलेक्ट्रिक, तिला हात लावू नका. आतल्यांनी आतच बसावं. १९१२ वर कळवून लाइन बंद झाल्याची खात्री करून घ्या. आग लागल्यामुळे उतरावंच लागलं, तर गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न होऊ देता दोन्ही पाय जोडून उडी मारायची आणि पाय न उचलता घासत घासत लांब जायचं.

गाडी इलेक्ट्रिक आहे हे पटकन ओळखायचं कसं?

हिरवी नंबरप्लेट. खासगी गाडीला पांढरी अक्षरं, टॅक्सी-टेम्पो-बसला पिवळी. पण स्ट्राँग हायब्रिड गाड्यांना नेहमीचीच पांढरी पाटी असते आणि आत शे-दोनशे व्होल्टचा पॅक असतो. त्यामुळे पाटी पांढरी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बॉनेटखाली किंवा तळाशी केशरी वायर दिसली की ती हाय व्होल्टेज.

'मेन स्विच' काढला की गाडी सुरक्षित होते ना?

पॅकच्या बाहेरचा भाग सुरक्षित होतो, पॅक नाही. बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टची बॅटरी काढली की काँटॅक्टर उघडतात. काही गाड्यांत सर्व्हिस प्लग (हाताने ओढून पॅकची जोडणी तोडायचा प्लग) असतो, काहींत बचाव पथकासाठी कापायची वायर दिलेली असते, तिच्यावर कात्रीचं चित्र असतं. कुठल्या गाडीत कुठे, हे मालकाच्या मॅन्युअलमध्ये आणि कंपनीच्या आपत्कालीन पत्रकात दिलेलं असतं. तुमच्या गाडीचं ते पान आज मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि घरच्यांनाही पाठवा. सर्व्हिस प्लग मात्र रस्त्यावर कुणीही उत्साहाने ओढायची वस्तू नव्हे, ते काम हातमोजे घातलेल्या माणसाचं.

पॉवर गेली आणि दार उघडत नाही. आता?

आत ओढून उघडायची यांत्रिक कळ असते. समोरच्या दारांना ती बहुधा सहज सापडते. मागच्या दारांना ती काही गाड्यांत गालिच्याखाली किंवा दाराच्या खिशात लपवलेली असते, आणि मागे मुलं बसतात. गाडी घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात मुलांकडून एकदा उघडवून घ्या. काच फोडायची हातोडी आणि पट्टा कापायचं कटर हाताला येईल असं ठेवा, डिकीत नको.

गाडीखालून पांढरा धूर येतोय, ज्वाळा नाहीत. थांबून बघावं का?

नाही. या पानावरचं हे सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे.

पॅकमधला एक सेल (अशा अनेक छोट्या बॅटऱ्या जोडून पॅक बनतो) आतून बिघडून तापला की त्यातलं रसायन विघटित होतं, त्या उष्णतेने शेजारचा सेल तापतो, मग त्याच्या शेजारचा. याला थर्मल रनअवे म्हणतात. सुरुवातीला फस्स असा आवाज, मध्येच लाह्या फुटल्यासारखे टकटक, नेलपॉलिश रिमूव्हरच्या जवळ जाणारा गोडसर वास आणि पांढरट-करडे लोट. लोकांना ती रेडिएटरची वाफ वाटते. वाफ वर जाऊन विरते, हे लोट जमिनीलगत पसरतात. त्यात हायड्रोजन असतो, कार्बन मोनॉक्साइड असतो, इलेक्ट्रोलाइटची वाफ असते आणि फुप्फुसं जाळणारा हायड्रोजन फ्लोराइडही असतो. मोकळ्यावर ते पेटतात. बंद गॅरेजमध्ये, कंटेनरमध्ये किंवा खोलीत साचले तर एका ठिणगीने स्फोट होतो. म्हणजे ज्वाळा नसलेला धूर हा ज्वाळांपेक्षा कमी धोक्याचा नव्हे.

सगळ्यांना उतरवा, वारा पाठीशी घेऊन किमान १५ मीटर लांब जा, १०१ किंवा ११२ फिरवा. बॉनेट उघडू नका, व्हिडिओ काढायला जवळ जाऊ नका, सामान घ्यायला परत फिरू नका. चारचाकींसाठीच्या एआयएस-०३८ या भारतीय मानकाच्या सुधारित आवृत्तीत अशी अपेक्षा आहे की पॅकमध्ये हे सुरू झालं की प्रवाशांना बाहेर पडायला पाच मिनिटं मिळतील इतक्या आधी इशारा यावा. ती पाच मिनिटं बाहेर पडण्यासाठी आहेत, कंपनीच्या हेल्पलाइनवर होल्डवर थांबण्यासाठी नाहीत.

बॅटरीच्या आगीवर पाणी मारायचं की नाही? लिथियमवर पाणी पडलं की स्फोट होतो म्हणतात.

शाळेत पाहिलेला तो प्रयोग शुद्ध धातूचा. लिथियम-आयन बॅटरीत लिथियम संयुगांच्या रूपात असतं, आणि अशा आगीवर पाणी हाच उत्तम उपाय आहे, कारण प्रश्न ज्वाळांपेक्षा उष्णतेचा आहे. फक्त ते प्रचंड लागतं. टेस्लाने आपल्या एका मॉडेलच्या बचाव पत्रकात ११ ते ३० हजार लिटरचा अंदाज दिला आहे. तुमच्या बागेच्या नळीचं हे काम नाही.

पार्किंगमधला लाल सिलिंडर? सीट पेटली, वायर पेटली, चार्जरचा प्लग पेटला, तर एबीसी पावडर किंवा सीओटू जरूर वापरा, आधी एमसीबी (बोर्डावरचा ट्रिप होणारा स्विच) पाडून. पॅक पेटला असेल तर पावडर ज्वाळा क्षणभर दाबते, आतली उष्णता तशीच राहते, आणि आग पुन्हा उसळते तेव्हा तुम्ही अगदी जवळ उभे असता. पॅकच्या आगीत सामान्य माणसाने शेजारच्या गाड्या आणि माणसं हलवायची, बाकी अग्निशमन दलावर सोडायचं.

"आमची एलएफपी बॅटरी आहे, ती पेटत नाही" हेही नेहमी ऐकू येतं. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, लिथियम-आयनचाच एक प्रकार. एलएफपी जास्त तापमानापर्यंत टिकते, हे खरं. पण ठेचली किंवा जास्त चार्ज झाली तर तीही वायू सोडते.

स्कूटरची बॅटरी घरात चार्ज केली तर चालेल का?

काही कंपन्या काढता येणारी बॅटरी देतातच, तेव्हा "चालणार नाही" म्हणून उपयोग नाही. पण सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत हॉलमध्ये चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी पहाटे फुटली आणि तिथे झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून दगावला. त्यामुळे अटी सांगतो, आणि त्या पाळता येत नसतील तर घरात आणू नका.

झोपण्याच्या खोलीत नाही, आणि बाहेर जायच्या एकुलत्या एका दाराशी तर मुळीच नाही. वन-रूम-किचनमध्ये लोक नेमकी तिथेच लावतात, कारण बोर्ड तिथे असतो. दाराशी आग लागली की अख्खं घर आत अडकतं. गॅलरी असेल तर गॅलरी. गादी, सोफा, वर्तमानपत्रांची रद्दी, गॅस सिलिंडर यांच्यापासून लांब, फरशीवर. सगळे झोपल्यावर नाही. उन्हातून आल्या आल्या नाही, बॅटरी हाताला गार लागेपर्यंत थांबा. चार्जर कंपनीचाच, "व्होल्टेज तेच आहे" म्हणून बाजारातला दुसरा नको. जिन्याखाली किंवा मीटरच्या खोलीत लावणं घरात लावण्याइतकंच वाईट, कारण इमारतीतले सगळे त्याच जिन्याने उतरणार.

पडलेली, फुगलेली, पाणी गेलेली किंवा चार्ज होताना नेहमीपेक्षा जास्त तापणारी बॅटरी पुन्हा लावूच नका. ती मोकळ्या जागी ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला कळवा. गल्लीतल्या दुकानात सेल बदलून घेणं स्वस्त पडतं, पण सेल जुळवणं आणि बॅटरीचा मेंदू असलेलं बीएमएस शाबूत ठेवणं तिथे होत नाही. जुनी स्कूटर घेत असाल तर ती कधीची आहे ते पाहा. २०२२ च्या उन्हाळ्यातल्या आगींनंतर दुचाकी बॅटरीचं एआयएस-१५६ हे मानक कडक झालं आणि त्याचे टप्पे १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ पासून लागू झाले. त्यानंतरची गाडी घेतलेली बरी.

चार्जिंग पॉइंटला काय काय असायला हवं?

स्वतंत्र १६ अँपिअरचं सर्किट, खरंखुरं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच). एक्स्टेन्शन बोर्ड नाही. प्लगच्या पिना काळ्या पडल्या असतील किंवा चार्जिंगनंतर प्लग हाताला चटका देत असेल, तर सॉकेट बदला. चार्जिंग 'अर्थ फॉल्ट' दाखवत थांबत असेल तर अर्थिंग दुरुस्त करा. तो इशारा चुकवायला अर्थ आणि न्यूट्रल जोडून देणारे महाभाग आहेत, अशाने न्यूट्रल तुटला की अख्ख्या गाडीची बॉडी जिवंत होते. वर म्हटलं होतं की बॉडीला शॉक जवळजवळ कधीच नसतो, त्यातला 'जवळजवळ' तो हा.

सार्वजनिक फास्ट चार्जरवर लाल मोठं बटण असतं. ठिणगी, धूर, जळका वास आला तर आधी ते दाबा, मग गन (गाडीत खुपसायचा चार्जरचा प्लग) काढा. गन निघत नसेल तर ओढाताण नको.

सोसायटीने बेसमेंटमध्ये चार्जिंगला बंदी घालावी का?

माझ्या मते बंदीने चोरून ओढलेल्या वायरी वाढतात, आणि त्या जास्त धोकादायक. चार्जिंग जागा रॅम्पजवळ किंवा स्टिल्टमध्ये, हवा खेळेल आणि बंब किंवा निदान त्याचा पाइप पोहोचेल अशा ठिकाणी द्या. सगळ्या चार्जरचा एकत्रित स्विच चार्जरपासून लांब, दाराजवळ असू द्या आणि त्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा. रात्रीच्या वॉचमनला तो स्विच कुठे आहे हे माहीत नसेल, तर महागडी फायर ब्लँकेट घेऊन उपयोग नाही. वॉचमन बदलला की नव्याला पुन्हा दाखवा.

पुराच्या पाण्यात गाडी बुडाली. पाणी ओसरल्यावर चालू करून बघू?

नका. पॅकवर आयपी६७ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ साधारण एक मीटर स्वच्छ पाण्यात अर्धा तास. रात्रभर चिखलपाण्यात उभी राहिलेली गाडी त्यात बसत नाही. खारं पाणी आणखी वाईट. अमेरिकेत फ्लोरिडात २०२२ च्या इयन चक्रीवादळानंतर समुद्राच्या पाण्यात गेलेल्या इलेक्ट्रिक गाड्या पाणी उतरल्यावर काही दिवसांनी पेटल्या. मिठामुळे आत गंज आणि शॉर्ट होत राहतं. आपल्याकडे भरतीच्या वेळी खाडीचं पाणी शिरणाऱ्या सगळ्या वस्त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

गाडीभोवतीच्या पाण्यात करंट उतरेल ही भीती गाडीपेक्षा भिंतीवरच्या चार्जरची धरा. पाणी चढू लागलं की आधी चार्जिंगचा एमसीबी पाडा, तोही कोरड्यात उभं राहून. बुडालेली गाडी चालू करू नका, चार्जिंगला लावू नका, फ्लॅटबेडवरून (गाडी अख्खी वर चढवून नेणाऱ्या सपाट ट्रकवरून) मोकळ्या जागी हलवा.

टो कशी करायची?

फ्लॅटबेडवर, चारही चाकं वर. मोटरला जोडलेली चाकं रस्त्यावर फिरत नेली की मोटर जनरेटर होते आणि बंद गाडीत व्होल्टेज तयार होतं. आकडा लावताना तळाच्या पॅकला दोर किंवा जॅक लागणार नाही याची काळजी घ्या.

आम्ही गॅरेजवाले. हातमोजे घातले की काम सुरू करता येतं का?

प्रशिक्षण नसेल तर केशरी वायरीच्या वाटेला जाऊ नका, हे आधी. प्रशिक्षण असेल तर हातमोजे क्लास ० चे, १००० व्होल्ट एसीला मान्य असलेले, वरून चामड्याचे. रोज वापरण्याआधी मनगटाकडून गुंडाळत आणायचे म्हणजे आत हवा कोंडते. बोटं फुगली की हातमोजा गालाजवळ धरायचा. टाचणीएवढ्या भोकातून येणारी हवा डोळ्याला दिसत नाही, पण गालाला लागते. लागली तर हातमोजा कात्रीने कापून टाका, कपाटात ठेवलात तर दुसरा कुणी तरी घालेल.

अंगठी, कडं, साखळी काढा. १२ व्होल्ट तोडा, सर्व्हिस प्लग काढून खिशात ठेवा, कंपनीने सांगितलेला वेळ थांबा, बहुधा पाच ते दहा मिनिटं. मग १००० व्होल्टच्या मीटरने शून्य बघा. मीटर आधी आणि नंतर चालू बॅटरीवर तपासा, कारण बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो. एकट्याने काम करू नका.

कुणाला शॉक बसला किंवा भाजलं तर?

विजेला चिकटलेल्या माणसाला थेट धरू नका. आधी प्रवाह तोडा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने दूर करा. श्वास नसेल तर छातीवर दाब देणं सुरू करा आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबू नका. माणूस उठून बसला, "काही नाही झालं" म्हणाला, तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढा, हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.

भाजलेल्या जागेवर वाहतं साधं पाणी, वीस मिनिटं. हळद, टूथपेस्ट, शाई काही नको. पॅकमधला द्रव अंगावर उडाला असेल तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवा, आणि डॉक्टरांना "लिथियम बॅटरीचा द्रव, फ्लोराइड असू शकतं" हे शब्द सांगा. फ्लोराइडच्या भाजण्यावर लावायचं औषध वेगळं असतं, कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल. धूर छातीत गेला असेल तर खोकला थांबला तरी दाखवा.

आग विझली, गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी केली. आता धोका संपला?

नाही. न जळलेल्या सेलमध्ये ऊर्जा शिल्लक असते, आणि ठेचलेला पॅक काही तासांनी, कधी काही दिवसांनी पुन्हा पेटतो. आपल्याकडे जप्त गाड्या एकमेकींना टेकवून ठेवायची पद्धत आहे, कडेला वाळलेलं गवत आणि वर झाडाची फांदी. ठोकलेल्या किंवा जळलेल्या इलेक्ट्रिक गाडीच्या चारही बाजूंना १५ मीटर मोकळं हवं. एवढी जागा नसेल तर विटांची किंवा मातीची आड भिंत तरी घाला. बंद शेडमध्ये ठेवू नका. काचा थोड्या खाली ठेवा म्हणजे वायू साचणार नाही. विम्याचा सर्व्हेअर येईल तेव्हा त्याला बाहेरून फोटो काढू द्या, "एकदा ऑन करून बघतो" म्हणाला तर चावी देऊ नका.